नवसाचे हप्ते

कुडाळ, २४ जून २०२४

दर्शना हिस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण. फोनवरच भांडले असते, पण आमच्या वाडीत रेंज मिळते ती एसटीच्या थांब्यावर, आणि तिथे अर्धा गाव कान टवकारून बसलेला असतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा मनू ते मोठ्याने वाचून आजोबांना ऐकवतो. म्हणून हे पोस्टाचं पाकीट, तेही तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर. बिलाच्या खिडकीत बसल्या बसल्या वाच.

परवा बाबांचा फोन आला. म्हणाले, ऑगस्टात निवृत्त होतोय, फंड आणि ग्रॅच्युइटी धरून चौदा लाखांच्या आसपास येतील, आणि ते सगळेच्या सगळे मयूरच्या घराच्या कर्जात भरून मोकळा होतो. आवाज एवढा खुशीत की मी आधी ऐकतच राहिले. मग विचारलं, "आणि तुम्हाला काय उरेल?" तर म्हणतात, "माका काय व्हया गो? दोन वेळचा जेवाण आणि सकाळचो पेपर."

हे त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, एवढं मला कळतं. त्यात आपला चुलतभाऊ प्रफुल्ल गावी आला होता. तो म्हणाला, दर्शना बाबांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन पोस्टात फेऱ्या घालत असते. तेव्हा सरळ विचारते. घर तुमचं, कर्ज तुमचं, आणि फेडायचं त्यांनी? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं!

बाबांनी एकतीस वर्षं लोअर परळच्या छापखान्यात पुस्तकं बांधली. सुईने बोटांच्या चाळण्या झाल्या त्यांच्या. पेन्शन म्हणशील तर महिन्याला तीन हजारांच्या आत. हे चौदा लाख गेले की उद्या पाय मोडला, दात पडला, तरी पोराकडे हात पसरायचा. आई असती तर तिने तुम्हा दोघांना चांगलं सुनावलं असतं. ती नाही, म्हणून मी सुनावते. मला त्यातला छदाम नको, हेही लिहून ठेव. चार पोफळी आणि काजूवर आमचं बरं चाललंय.

आणि बाबांना मासे करून घालत जा. मागच्या वेळी आले तेव्हा माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं नको म्हणाले. डॉक्टरांनी बंद केलंय म्हणे. कुठला डॉक्टर तो? त्याचा पत्ता दे, त्यालाही एक पत्र टाकते.

आशीर्वाद आहेतच.

मेघना

---

रे रोड, ५ जुलै २०२४

मेघनाताई,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. फार राग आला. संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा मात्र बरं वाटलं. बाबांसाठी भांडणारं माझ्याशिवाय आणखी कोणी आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आधी मासे. डॉक्टरबिक्टर कोणी नाही, ताई. बाबांनी नवस केलाय.

मलाही आत्ता मेमध्ये कळलं. खालच्या मजल्यावरचे कायतानकाका दर रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातात, आणि बाबांना बरोबर नेतात. मासे पारखायला. बाबा बांगड्याचा कल्ला उघडून बघणार, पापलेटाच्या पोटावर बोट दाबणार, कोळणीशी हुज्जत घालणार, काकांची पिशवी भरून देणार आणि स्वतः रिकाम्या हाताने घरी येणार. मी काकांना खोदून विचारलं तेव्हा ते बोलले. "तुला सांगतो दर्शना, हा माणूस मासळीचा डॉक्टर हाय. पण सोता औषध घेत नाय. बोलतो, पोराच्या घरावरचं लोन फिटेपर्यंत मासा बंद. गावच्या देवाला सांगून आलाय. दोन वर्षं झाली." दोन वर्षं, ताई! आम्हाला 'मासा आता पचत नाही' एवढंच सांगत, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून सुरमई खात होतो.

आता कर्ज. आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. लालबागची खोली विकून हे घर घेतलं तेव्हा उरलेल्याचं कर्ज काढलं. माझी भिशी लागली की ती कर्जात, मयूर रात्री-अपरात्री लिफ्टच्या दुरुस्तीला जातो त्याचे जादाचे पैसे कर्जात. दर पाडव्याला गुढी उभारून झाली की बाबा एकच प्रश्न विचारतात, "किती वर्षां रवली?" दोन वर्षांपूर्वी उत्तर होतं साडेअकरा. या पाडव्याला मयूरने बँकेचा कागद काढला, तर बारा वर्षांच्या वर! दरम्यान व्याजाचा दर चढला होता. हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबत गेली. तसं कळवणारं पत्र आलंही होतं. ते आम्ही विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. एवढं जादा भरून वर्षं वाढलीच, हे ऐकून बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपला नवसच कमी पडला. त्या दिवसापासून ते चौदा लाखांचं बोलायला लागले.

हिशेबाने म्हणाल तर त्यांचं बरोबर आहे. कर्जाचं व्याज नऊ टक्क्यांच्या वर, आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत मिळतं आठच्या थोडं वर. कोणीही सांगेल, कर्ज फेडा. पण मी रोज त्या बिलाच्या खिडकीत बसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की आम्ही लेन्सच्या किमती सांगतो. ज्या म्हाताऱ्याच्या खात्यात स्वतःचे पैसे असतात तो विचारतो, "यातली चांगली कुठली?" ज्याच्याकडे नसतात तो आधी मुलाच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "साधी चालेल." मुलगा कितीही चांगला असो, तो बघतोच. बाबांनी मयूरच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढंच मी ठरवलंय. त्या झेरॉक्स त्यासाठी होत्या. पोस्टातलं खातं त्यांच्या एकट्याच्या नावाने निघेल, व्याजही त्यांच्याच हातात पडेल.

पण ते ऐकत नाहीत. देवाला शब्द दिलाय म्हणतात. आता माझ्या हातातलं संपलं. देव तुमच्या गावात आहे.

तुमची, राग गेलेली,
दर्शना

---

कुडाळ, १९ जुलै २०२४

दर्शना,

मी तुला बोलले ते परत घेत नाही, पोस्टाच्या पेटीत टाकलेलं परत येत नाही. पण तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं, आणि डोळे धुऊनच बाहेर आले. सासऱ्यासाठी एवढा विचार करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मयूरला लहानपणी चपलेचे जोड निवडता येत नव्हते, बायको मात्र बरोबर निवडली.

आता बाबांनी हा नवस का केला असेल, ते ऐक. तुला हे कोणी सांगितलं नसणार. धोंडूआजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी लालबागमध्येच एकाकडून व्याजाने पैसे उचलले होते. तो माणूस दर रविवारी दुपारी वसुलीला यायचा, नेमका जेवणाच्या वेळी. आजोबा पोटमाळ्यावर जाऊन बसायचे आणि दार उघडायला बाबांना पुढे करायचे. बाबा दहा-बारा वर्षांचे. त्यांनी म्हणायचं, "बाबा घरी नाहीत." एकदा त्या माणसाने ताटं मोजली आणि विचारलं, मग हे चौथं ताट कोणाचं? आईने मला हे सांगितलं तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले होते. कर्ज म्हटलं की त्यांना ते दार दिसतं, बाई. मनूला त्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

तुझं पत्र आल्यावर मी रामजी गुरवाकडे गेले. त्याला म्हटलं, बाबांना या नवसातून सोडवायचंय, देवाला विचार. त्याने कौल लावला. तुम्हा मुंबईकरांना विसरायला होतं म्हणून सांगते. भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी हात जोडून उभी, आणि डावी पडली. लगेच पडली गं, देवाने विचारसुद्धा केला नाही.

रामजी म्हणतो, "दिलेलो शब्द फुकट सोडून घेवक येणा नाय. आणि ज्येनां दिलो, तेनांच येवक व्हया." म्हणजे बाबांना आणायला हवं, आणि आणताना देवापुढे ठेवायला काहीतरी हवं. नुसतं 'सोड' म्हणून देव सोडणार नाही. गणपतीला येतायत ना सगळे? तोवर काही सुचतंय का बघ. माझं डोकं काजूच्या पलीकडे चालत नाही.

मेघना

---

रे रोड, २६ ऑगस्ट २०२४

मेघनाताई,

पत्राला उशीर झाला, कारण इथे मौनव्रत चालू होतं.

बाबांचे पैसे आठ तारखेला खात्यात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, चला बँकेत. कर्ज बंद करायच्या अर्जावर मयूरची आणि माझी, दोघांची सही लागते. मी म्हटलं, बाबा, मी सही करणार नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांना 'नाही' म्हणायची ही पहिलीच वेळ. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि पेपर घेऊन बसले. मग आठ दिवस माझ्याशी एक शब्द नाही. चहा घेत, जेवत, मनूचा अभ्यास घेत, पण माझ्याकडे बघत नसत. मयूरची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. मी रात्री मोरीत भांडी घासताना रडून घेत होते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे नुसते गप्प राहिले, आणि तेच जास्त लागलं.

त्या आठ दिवसांत मी आणि मयूरने एक काम केलं. बँकेत जाऊन हप्ता दीड हजारांनी वाढवून घेतला. एवढ्यानेच बारा वर्षांची साडेदहा झाली. नवव्या दिवशी जेवताना मयूरने हे सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे मी सत्तरीचो जातलंय." पण म्हणाले तर! मौन सुटलं.

आता मला सुचलं ते नीट वाचा, कारण हे देवापुढे तुम्हालाच मांडायचंय. मला रजा नाही, सगळी बँकेच्या फेऱ्यांत संपली. मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर कर्जाचा हिशेब उलटसुलट करून बघत होते. तेव्हा कळलं की आज एक हप्ता जादा भरला, तर शेवटून एकच हप्ता कमी होत नाही. अडीच होतात! आजचे पैसे मुद्दलातून जातात, मग त्यांच्यावरचं पुढच्या दहा वर्षांचं व्याजच लागत नाही. माझा विश्वास बसेना, बँकेतल्या बाईंना विचारून खात्री केली.

दर तीन महिन्यांनी एक जादा हप्ता आम्ही भरू शकतो. भिशी, मयूरचं रात्रीचं काम, आणि बाबांच्या पोस्टाच्या व्याजातले फक्त पाच हजार. त्याहून एक रुपया जास्त घेणार नाही, ही माझी अट. म्हणजे दर तीन महिन्यांनी कर्जाच्या शेपटाचे अडीच महिने तुटतील. ताई, त्या तुटलेल्या अडीच महिन्यांत बाबा कर्जातून सुटलेले असणार की नाही? मग ते महिने त्यांनी शेवटी का खायचे? आत्ताच खावेत. जेवढं कर्ज तुटेल तेवढे महिने मासे चालू, उरलेले पंधरा दिवस बंद. शब्द मोडत नाही, देवाचे पैसे देवाला पोचतात. कर्जाला हप्ते चालतात तर नवसाला का चालू नयेत?

मयूर म्हणतो, देव काय बँकेचा मॅनेजर आहे? मी म्हटलं, मॅनेजरने ऐकलं, देव तर घरचा आहे.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तिथे गेल्यावर तुम्ही सांगा. माझ्या तोंडून आलं तर त्यांना पुन्हा 'नाही' ऐकल्यासारखं होईल.

दर्शना

---

कुडाळ, १६ सप्टेंबर २०२४

अगो दर्शना,

मंडळी आज रातराणीच्या एसटीने निघतायत. मी 'सकाळी' लिहिणार होते, पण रातराणी रात्री निघते हे मयूरने सुधारलं. माझं डोकं ठिकाणावर नाही, आनंदाने.

गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन देवळात गेले. वाटेत सगळं सांगितलं. अडीच महिन्यांचा हिशेब मी सांगायला गेले आणि मध्येच अडकले, तेव्हा बाबांनीच तो पुरा केला. छापखान्यात त्यांनी हजार पानांचं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी बांधलंय, त्यांना काय सांगायचं! मग देवळाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "ह्यां दर्शनान काढल्यान?" मी हो म्हटलं. "माझ्यार रागावलेली असतानाच?" मी म्हटलं, बाबा, रागावलेले तुम्ही होतात.

रामजीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान झिलाचा कर्ज फिटेपर्यंत मासो सोडलो. आता सून म्हणता, कर्ज हप्त्यान फिटता, तर नवसय हप्त्यान फेडून घे. जेवढा फिटात तेवढा खाऊक दी, आणि जा काय उणादुणा असात ता पदरात घे." आम्ही चौघं-पाच जणं 'व्हय म्हाराजा' म्हणालो. मनूचा आवाज सगळ्यांत मोठा. हप्ता म्हणजे काय हे देवाला कळलं असेल का, अशी रामजीलाच शंका होती. त्याच्या मोटरसायकलचे चालू आहेत, म्हणून त्याला नीट सांगता आलं.

पाकळ्या लागल्या. या वेळी देवाने वेळ घेतला. बाबांनी डोळे मिटलेले, हात जोडलेले. मी मनात म्हणत होते, देवा, ती पोर तिकडे खिडकीत बिलं फाडतेय, तिचं ऐक.

उजवी पडली.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा मनू ओरडत होता, "उजवी, आजोबा, उजवी!" बाबांनी पुढे होऊन ती पाकळी उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तो शर्ट धुवायला टाकलास की खिसा बघ.

पहिला जादा हप्ता भरल्यावरच खायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय. त्यांच्या व्याजाचे पाच हजार त्यात पडले पाहिजेत म्हणे. पहिल्या तिमाहीचं व्याज येणार ते जानेवारीत. तोवर मी तिखल्यात घालायची तिरफळं वाळवून पाठवते.

तुला मी पहिल्या पत्रात काय काय म्हटलं होतं, ते पत्र जवळ असेल तर जाळ. नाही, ठेव. म्हातारी झालीस की सुनेला वाचून दाखव, आणि सांग की नणंद अशी होती, पण मान झुकवायला लाजली नाही.

मेघना

---

रे रोड, सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. मेघनास आशीर्वाद.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, सगळी बरी आहेत. फोन केला असता, पण हे बोलताना माझा आवाज मला साथ देणार नाही, म्हणून लिहितो.

पोस्टात बारा लाख ठेवले, दोन बँकेत आजारपणाला राखून. तिथलं पहिलं तिमाहीचं व्याज आलं. साडेचोवीस हजार. पासबुक घेऊन मी पोस्टाच्या बाकावर बसलो. काम न करता आलेला एवढा पैसा मी पहिल्यांदा बघितला. सगळे सूनबाईपुढे ठेवले, तिने पाच हजार मोजून घेतले आणि बाकीचे माझ्याच शर्टाच्या खिशात कोंबले. मेघना, माझ्याकडून आजवर पुष्कळांनी पैसे नेले. कोणी परत दिले, कोणी बुडवले. मी आपणहून देतोय आणि समोरचं माणूस घेत नाही, असं कधी घडलं नव्हतं. तिने सही नाकारली त्या वेळी मी आठ दिवस अबोला धरला. त्या आठही दिवशी पेपराशेजारी माझा चहा वेळेवर होता. देवाने मला असं माणूस घरात दिलं, आणि मी देवाशीच माशांची घासाघीस करत बसलो होतो.

गुरुवारी जादा हप्ता भरला. काल रविवारी कायतानबरोबर धक्क्यावर गेलो, दोन पिशव्या घेऊन. कोळणीने विचारलं, आज दुसरी कोणाची? कायतानने सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं सांगितलं. तिने वर दोन बांगडे फुकट घातले.

सूनबाईने तुझ्या तिरफळांचं तिखलं केलं. पहिला घास घेताना सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मनू मोबाईल धरून उभा. डोळ्यांत पाणी आलं. तिखट जास्त पडलंय असं म्हणालो. ते खरं नव्हतं, तिला कळलं.

इतक्यात दाराची बेल वाजली. सोसायटीचा राकेश मेंटेनन्सचे पैसे मागायला आला होता. रविवार, दुपार, जेवणाची वेळ. माझा घास हातातच राहिला. मनू धावत गेला, दार सताड उघडलं. राकेशने माझं नाव घेऊन विचारलं, राजारामकाका आहेत का?

"आहेत! घरीच आहेत!" मनू ओरडला. "बांगडे खातायत! तुम्ही पण या!"

सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. मी बसल्या जागेवरून राकेशला आत बोलावलं, सूनबाईने आणखी एक ताट वाढलं.

तुझे
बाबा